अवरक्त वर्णपटमिती (ग्रहपृष्ठावरील खनिजांची ओळख)

ग्रहाच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश किंवा पृष्ठभागाने उत्सर्जित केलेली उष्णता तरंगलांबीनुसार विभागून तेथील खनिजे ओळखण्याची पद्धत. खनिजातील अणूंचे बंध ठरावीक तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून कंप पावतात आणि वर्णपटात तेथे शोषणपट्टा दिसतो. ऑलिव्हिन व पायरॉक्सिन या लोहयुक्त खनिजांचा १ मायक्रॉनजवळचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद पट्टा मात्र लोहाच्या इलेक्ट्रॉनांमुळे येतो. पायरॉक्सिनचा दुसरा पट्टा २ मायक्रॉनजवळ असतो.

मराठवाड्याच्या वाचकाला यातली निम्मी खनिजे पायाखालची आहेत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पायरॉक्सिन मुबलक आहे. तो खडक कुजून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे असतात. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कारण खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि निघून जाते. हेच पाणी वर्णपटात १.९ मायक्रॉनजवळ पट्टा उमटवते. हायड्रॉक्सिलचा (खनिजात बांधलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा) पट्टा १.४ जवळ येतो, पण खरा निर्णय पुढच्या पट्ट्यावर होतो: हायड्रॉक्सिल अॅल्युमिनियमशी जोडलेले असेल तर २.२, लोह किंवा मॅग्नेशियमशी असेल तर २.३ मायक्रॉनच्या आसपास. वेरूळ-अजिंठा परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइट ही खनिजेही पाणी धरून ठेवतात; त्यामुळे केवळ १.९ चा पट्टा पाहून 'चिकणमाती' म्हणणे घाईचे ठरते. (मंगळावरील विवरांशी तुलनेसाठी नेहमी पुढे येणारे लोणारचे बेसाल्टी आघातविवर विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात आहे.)

मंगळावर लोह-मॅग्नेशियमयुक्त चिकणखनिजे 'मार्स एक्सप्रेस' यानावरील 'ओमेगा' उपकरणाने २००५ च्या सुमारास दाखवली. पुढे 'मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर' यानावरील 'क्रिझम' उपकरणाने सुमारे १८ मीटर तपशिलापर्यंतचे नकाशे दिले. जेझेरो विवरातील चिकणखनिजे व कार्बोनेटे अशीच कळली आणि २०२१ मध्ये 'पर्सिव्हिअरन्स' बग्गी तेथे उतरली. चंद्रावर 'चांद्रयान-१' वरील 'एम-थ्री' उपकरणाला ३ मायक्रॉनजवळ हायड्रॉक्सिल किंवा पाण्याची खूण मिळाली. ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अडचणी थोड्या नाहीत. मंगळाची धूळ खडक झाकते, आणि वातावरणातील कार्बन डायऑक्साइड २ मायक्रॉनजवळ स्वतःचे पट्टे मिसळतो. ते वजा करण्याची एक युक्ती मोठी देखणी आहे: ऑलिंपस मॉन्स या ज्वालामुखीचा पायथा व माथा यांचे वर्णपट ताडून पाहतात, कारण दोन्हीकडे खडक जवळपास सारखा, पण वरची हवा कमी-जास्त. क्वार्ट्झला मात्र निकट अवरक्तात (वरच्या १ ते ३ मायक्रॉनच्या टप्प्यात) ठळक पट्टा नाही. त्यासाठी ८ ते १२ मायक्रॉनमधील औष्णिक उत्सर्जन पाहावे लागते.