दहा वर्षांच्या अनुभवाची सिस्टर, पहिल्या दिवसाची इन्चार्ज

लहान बाळाची शीरही जिला पटकन सापडते, तीच सिस्टर वॉर्डची इन्चार्ज झाली की ड्यूटी लावताना घामाघूम होते. रात्री मोठ्या डॉक्टरांना फोन करायचा तर तीनदा विचार करते. मग ‘हिच्यात नेतृत्वगुणच नाहीत’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडलं, त्यात या शेऱ्याला जागा नाही. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास कामागणिक वेगळा असतो, असं ते सांगतात. सुई टोचण्याची खात्री वेगळी, सहकाऱ्याला तोंडावर चूक दाखवण्याची वेगळी. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या. त्यांच्या मते अनुभवी परिचारिकाही अनोळखी कामात शिरली की पुन्हा पहिल्या पायरीवर येते. नवी इन्चार्ज घाबरते ती म्हणूनच.

हा विश्वास येतो कुठून? बांडुरांच्या मते सगळ्यात पक्का तो स्वतः काम तडीस नेल्यावर येणारा. आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, भरवशाच्या माणसाचे शब्द आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ, या गोष्टीही हातभार लावतात. नुसतं ‘धीट हो’ म्हणणं मात्र फार दिवस पुरत नाही.

फोनचंच घ्या. “सर, बारा नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये” म्हटलं की पलीकडून “म्हणजे नक्की काय?” येतं आणि सिस्टर गडबडते. त्याऐवजी: “बारा नंबरच्या पेशंटचं बीपी अर्ध्या तासात १२०/८० वरून ९०/६० वर आलंय. सकाळी पोटाचं ऑपरेशन झालंय. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं.” आत्ता काय झालंय, आधीचं काय, माझा अंदाज काय आणि मला काय हवंय, हा क्रम ‘एसबार’ (SBAR, या चार टप्प्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं) नावाने जगभर शिकवला जातो. त्याचं मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत आहे. तिसरं वाक्य सगळ्यात अवघड, कारण तिथे सिस्टरला स्वतःचं मत द्यावं लागतं. त्याचा सराव आधी खोट्या प्रसंगावर केलेला बरा, खऱ्या पेशंटवर नव्हे.

पण सगळा भार एकटीवर टाकणंही बरोबर नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांच्या औषधविषयक चुका तपासल्या. चांगल्या पथकांत चुका कमी सापडतील असा त्यांचा होरा होता. आकडे उलटे निघाले, चांगल्या पथकांतच नोंदी जास्त! तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तर त्या लपवल्या जात नव्हत्या, असा त्यांनी उलगडा केला. आणि हे वातावरण बरंचसं वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेच्या वागण्यावर ठरत होतं.

म्हणजे कुणी येऊन “सिस्टर, माझ्याकडून डोस चुकला” म्हणेल, तेव्हा नव्या इन्चार्जचा खरा कस लागतो. आधी पेशंट बघायचा, मग चूक कशी घडली ते विचारायचं. ती तिथेच सगळ्यांसमोर ओरडली, तर पुढची चूक तिच्यापर्यंत येणारच नाही.