दुसरी खुर्ची कुठे ठेवायची?

घरच्या घरी दोन आसनी विमान बांधायला निघालेला माणूस आधी इंजिनांची माहिती काढत बसतो. खरं तर कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी दुसरी खुर्ची शेजारी ठेवायची की मागे, हे ठरायला हवं.

प्रश्न तोलाचा आहे. साध्या, मागे शेपूट असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीच्या आसपास असावा लागतो. तो फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलत नाही. फार मागे गेला तर विमान चंचल होतं आणि स्टॉलमधून, म्हणजे नाक फार वर गेल्याने पंखाची उचल अचानक तुटते त्यातून, सावरणं कठीण होतं. दुसरी चूक जास्त जीवघेणी.

हिशोबच करू. वैमानिकासह विमान ५२५ किलोचं आहे. ७५ किलोचा प्रवासी त्याच्या गुरुत्वमध्याच्या १ मीटर मागे बसला, तर एकूण वजन ६०० किलो होतं आणि गुरुत्वमध्य १२.५ सेंटिमीटर मागे सरकतो. पंख १.२५ मीटर रुंद असेल तर हा त्याचा १० टक्के झाला. मुळात गुरुत्वमध्याला पुढे-मागे हलायची मुभाच अनेकदा या रुंदीच्या १५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि सामान अजून ठेवायचंच आहे!

शेजारी-शेजारी बसवलं की ही कटकट जवळजवळ मिटते. दोघंही गुरुत्वमध्याजवळच असतात. पण केबिन रुंद होते, हवेचा रोध वाढतो. रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने हौशी वेगप्रेमींना ही रुंदी खुपते. मला विचाराल तर पहिल्या विमानासाठी ती खुशाल सोसावी.

अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांनी १९७९ मध्ये उडालेल्या लाँग-ईझेडमध्ये हा पेच उलटा सोडवला. फोमच्या गाभ्यावर काचतंतू आणि इपॉक्सी चढवून बांधायचं हे विमान. खुर्च्या एकामागे एक, पण मागची गुरुत्वमध्याजवळ. इंजिन शेपटाकडे, छोटा पंख नाकाशी. हा पुढचा पंख आधी स्टॉल होतो, त्यामुळे नाक आपसूक खाली येतं. प्रवासी असो वा नसो, तोल फारसा हलत नाही. हलतो तो पुढच्या वैमानिकामुळे. म्हणून तो फार हलका असेल तर नाकात वजन ठेवावं लागतं, आणि तो उतरला की मागच्या इंजिनाच्या भाराने विमान शेपटावर बसू नये यासाठी पुढचं चाक आत घेऊन ते नाक जमिनीला टेकवून उभं करतात.