शिमग्याचा ढोल, माईक आणि तीन रेझिस्टर

शिमग्यात पालखी नाचवताना कोणीतरी हौसेने ढोलाच्या पानाजवळ कंडेन्सर माईक (आत सर्किट असलेला, वीज लागणारा) धरतो, आणि घरी येऊन ऐकतो तर सगळा आवाज फाटलेला. लगेच सल्ला मिळतो, गेन कमी ठेवायचा ना रे! अहो, नॉब पार डावीकडेच होता. पण प्रीॲम्पचा, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, गेन तळाला नेला तरी थोडी वाढ बहुतेक वेळा उरतेच, आणि माईककडून येणारं व्होल्टेज मुळातच जास्त असेल तर नॉब काय करणार?

आकडे बघा. ९४ डेसिबलला हवेचा दाब १ पास्कल असतो, आणि तेवढ्यावर एखादा कंडेन्सर माईक २० मिलीव्होल्ट देतो. दर २० डेसिबलला व्होल्टेज दहापट, म्हणजे ढोल १३४ पर्यंत गेला असं धरलं तर थेट २ व्होल्ट! माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या छोट्या इंटरफेसच्या माईक इनपुटला हे बऱ्याचदा झेपत नाही. एसएम५८सारखा डायनॅमिक माईक तिथेच जेमतेम ०.१८५ व्होल्ट देतो, म्हणून तो गपगुमान काम करतो.

उपाय म्हणजे मध्ये पॅड, म्हणजे सिग्नल उतरवणारा जोड, लावायचा. ना बॅटरी, ना चिप, नुसते तीन रेझिस्टर. एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या) पिन २ आणि ३ च्या वाटेत एकेक ६८० ओहमचा, आणि प्रीॲम्पच्या बाजूला त्या दोघींच्या मध्ये आडवा १५० ओहमचा. प्रीॲम्पचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, दीड हजार ओहमच्या आसपास असेल तर सिग्नल साधारण २० डेसिबलने उतरतो, आणि गंमत म्हणजे माईकला समोर जवळपास तेवढेच दीड हजार ओहम दिसतात, त्यामुळे त्याला फरक कळतच नाही. दोन्ही ६८० मात्र १ टक्कावाले आणि जुळणारे घ्या, नाहीतर बॅलन्स्ड (दोन तारांतून उलटसुलट सिग्नल नेणाऱ्या) केबलचा गुंजन दाबायचा गुण कमी होतो. फँटम, म्हणजे कंडेन्सर माईकला केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा वीजपुरवठा, यातून जातो, आडव्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज असल्यामुळे तो तिथे वाया जात नाही, वाटेतल्या ६८० मुळे थोडासा उतरतो इतकंच.

पण आवाज नक्की कुठे फाटतोय ते आधी शोधा. माईकच्या आतलंच सर्किट फाटत असेल तर केबलवरचा पॅड फक्त फाटका आवाज बारीक करून देईल, तिथे माईकवरचा पॅडचा स्विच हवा, नाहीतर सरळ माईक लांब न्या. आणि दशावतारात गणपतीच्या स्तवनानंतर एकटी पेटी हळू वाजत असेल, तर पॅड काढूनच ठेवा. सिग्नल २० डेसिबल खाली जातो पण प्रीॲम्पची स्वतःची सरसर आहे तिथेच राहते, मग गेन चढवला की तीच वर येते.

हळदीतल्या बँजो पार्टीच्या मिक्सरमधून लाइन आउट घेऊन माईक इनपुटला द्यायचा असेल तर २० पुरत नाही, तिथे नेहमीची पातळीच +४ डीबीयू (व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) म्हणजे १.२३ व्होल्ट असते, जोरात वाजलं की त्याहून वर जाते, ४० चा पॅड लागतो. आणि तेव्हा फँटम बंद ठेवा.