अध्ययन-साहाय्य, सर्वसाधारण शाळेतील

वर्गातल्या बहुतेक मुलांना पुरणारे अध्यापन ज्यांना पुरत नाही, अशा विद्यार्थ्यांना वेगळ्या शाळेत न धाडता त्यांच्याच वर्गात केलेली मदत. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), अवधानदोष (लक्ष टिकवण्यातील अडचण), कमी ऐकू येणे वा दिसणे, बौद्धिक अक्षमता ही त्यामागची नेहमीची कारणे. ही गरज कायमचीच असते असे नाही.

पूर्वी मुलाचे वैद्यकीय निदान झाले की त्याची शाळाही ठरून जाई. ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने 1978 च्या अहवालात हा क्रम उलटवला: मुलाला काय झाले आहे यापेक्षा त्याला शिकण्यासाठी काय लागते ते पाहा. शालेय आयुष्यात केव्हा ना केव्हा सुमारे पाचातल्या एका मुलाला अशी मदत लागेल, असा समितीचा अंदाज होता. त्याआधी, 1975 मध्ये, अमेरिकेने कायद्याने प्रत्येक अशा मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा बंधनकारक केला होता. 1977 मध्ये इटलीने विशेष वर्गच बंद केले आणि साहाय्यक शिक्षक नेहमीच्या वर्गात आणला. अशा मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असे सांगणाऱ्या 1994 च्या सालामांका (स्पेन) जाहीरनाम्याला 92 सरकारांच्या प्रतिनिधींनी संमती दिली. वेल्सच्या 2018 च्या कायद्यात ‘अतिरिक्त अध्ययन गरजा’ ही संज्ञा आली आणि वयोमर्यादा 25 वर्षांपर्यंत गेली.

आराखड्याचा कस त्यातील उद्दिष्टांवर लागतो. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘सत्र संपेपर्यंत जोडाक्षरे असलेला अनोळखी परिच्छेद न अडखळता वाचणे’ असे लिहिले, तर ते साधले की नाही हे पालकालाही कळते. पुष्कळ उपाय बिनखर्चाचे असतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलीसमोर शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ती ओठ वाचत असते. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांतून आधीच दाखवावा. सूचना एका वेळी एकच द्यावी. याचा फायदा मागच्या बाकावरच्या इतरांनाही होतो.

अशा मुलाशेजारी बसायला मदतनीस (शिक्षक नसलेला साहाय्यक) नेमला की काम झाले, ही समजूत मात्र महागात पडते. इंग्लंड व वेल्समधील शाळांचा एक मोठा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना मदतनीसांचा आधार जास्त मिळाला, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी आढळली. दोष मदतनीसांच्या कष्टांचा नव्हता. मदतनीस शेजारी बसला की शिक्षकाचे त्या मुलाकडे येणे कमी होई, आणि सर्वांत अवघड शिकवणे सर्वांत कमी प्रशिक्षण असलेल्या माणसावर पडे. काम पूर्ण करून घेण्याच्या घाईत उत्तरही तोच सांगून टाकी. मुलगा वर्गात असतो, पण त्याचा वर्ग दोघांचाच होतो. म्हणून मदतनिसाला एका मुलाला चिकटवून न ठेवता त्याने इतर गट सांभाळावेत आणि त्या वेळात शिक्षकाने या मुलाजवळ बसावे, ही रचना अधिक शहाणपणाची.

परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरांतील वा ब्रेल प्रश्नपत्रिका या सवलतींवर ‘इतरांवर अन्याय’ असा आक्षेप हमखास येतो. इतिहासाच्या पेपरात हस्ताक्षराचा वेग तपासायचा नसतो, एवढे त्याला उत्तर पुरे. शुद्धलेखनाच्या परीक्षेत मात्र शब्द दुरुस्त करणारा लेखनिक चालत नाही, कारण तिथे तेच कौशल्य तपासले जात असते. लेखनिक आयत्या वेळी दिला तरी उपयोग होत नाही. उत्तर तोंडी, सलग आणि विरामचिन्हांसह सांगणे हे स्वतंत्र कसब आहे आणि त्याचा सराव वर्षभर वर्गातच व्हावा लागतो.