‘नावानुसार’ म्हणजे कोणत्या क्रमाने?

वाचनालयाच्या संगणकीय यादीवर आता ‘नावानुसार’ आणि ‘सालानुसार’ असे दोन दुवे आले आहेत. आधी दाखल नोंदवही होती: पुस्तक आले की क्रमांक पडायचा. मग खणांत कार्डे आली, ती अकारविल्हे लागली.

घोळ सुरू झाला तो संगणकापासून. नव्वदच्या दशकातल्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायचे, आत मात्र इंग्रजी कळांचे संकेत असायचे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जायची. त्यामुळे ‘किनगाव’, ‘गिरणा’, ‘निंभोरा’ अशी सुरुवात असलेली सगळी पुस्तके एकाच जागी गोळा व्हायची. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संकेतपद्धतीत, वेलांटी व्यंजनानंतर येते, म्हणून ते दुखणे गेले.

‘ळ’चे राहिले. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. शाळेत आपण ‘ह’ नंतर ‘ळ’ म्हणतो, शासनाने २००९ मध्ये ठरवलेल्या वर्णमालेतही तो तिथेच आहे. यंत्राच्या क्रमाने ‘केळी’ हे ‘केवडा’च्या आधी येते, आपल्या क्रमाने ‘केवडा’, ‘केशर’ आणि मग ‘केळी’. वाचनालयाच्या ठरावात फक्त ‘यादी अकारविल्हे लावावी’ एवढेच लिहिले होते. बैठकीत काहींचे म्हणणे पडले की ‘ल’ आणि ‘ळ’ शेजारी असले तर शोधणाऱ्याला बरे. अखेर यंत्राचा क्रम तसाच ठेवला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. वाचक बोट फिरवतो ते पाठ केलेल्या वर्णमालेवर, तक्त्यावर नाही.

सालाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. शके १८४९ मधले पुस्तक इसवी १८९० च्या वर जाऊन बसायचे. शकात ७८ मिळवून ते १९२७ वर आणले. वर्षाच्या टोकाला एखाद्या सालाचा फरक पडतो, तेवढा चालतो.

आपल्याकडे खानदेशात आणखी एक पेच आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोया, काया, केयी. रावेरच्या बागांवरची मराठी पुस्तिका ‘केळी’त सापडते, त्याच पिकावरच्या अहिराणी ओव्या ‘केयी’त, म्हणजे ‘केरसुणी’च्याही आधी. कार्डांच्या खणात याला उपाय होता. ‘केयी : केळी पाहा’ असे एक जादा कार्ड घातलेले असायचे. नव्या यादीत ती सोय अजून आलेली नाही.