पार्टुला (झाडावरची गोगलगाय)

पार्टुला ही झाडावर राहणारी गोगलगाय, शंख फार तर दोनेक सेंटिमीटरचा. पॅसिफिकमधल्या दूरदूरच्या बेटांवरची ही, सगळ्यात जास्त जाती फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती, मोरेआ, रायाटेआ वगैरे सोसायटी बेटांवर, साठेक तरी. दिवसा पानाखाली चिकटून बसते, रात्री फिरते, कुजका पाला आणि शेवाळ खाते, म्हणजे कुणाच्या पिकाला हिचा काडीचा त्रास नाही. बऱ्याच गोगलगायी मातीत अंडी घालतात पण ही एका वेळी एकच पिल्लू देते आणि ते पाठीवर इवलासा शंख घेऊनच बाहेर येतं. म्हणून तर हिला बाळंतपणाच्या रोमन देवीचं नाव मिळालं. मोरेआवर एकाच जातीत काहींचा शंख उजवीकडे वळलेला तर काहींचा डावीकडे, त्यामुळे उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ही बेटं म्हणजे खजिनाच होता.

हा खजिना माणसानेच घालवला. १९६७ मध्ये ताहितीला आफ्रिकन गोगलगाय आणली गेली (२०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली ना, तीच आपली शंखी गोगलगाय). ती शेतात सुटली, मग तिला आवरायला १९७४ मध्ये फ्लोरिडाकडची शिकारी गुलाबी गोगलगाय सोडली, १९७७ मध्ये मोरेआवरही. ही शिकारीण चिकट माग काढत काढत भक्ष्यापर्यंत पोचते, झाडावरसुद्धा चढते, आणि आफ्रिकन गोगलगाय राहिली बाजूला, तिने पार्टुलाच खाल्ल्या. दहा वर्षांत मोरेआचं जंगल पार्टुलाविना झालं. पुरता विचार न करता परका जीव बेटावर सोडणं किती महाग पडतं याचं याहून वाईट उदाहरण सापडणं अवघड.

थोड्या गोगलगायी वेळीच उचलून प्राणिसंग्रहालयांत नेल्या म्हणून काही जाती तरल्या. सगळ्या नाही. पार्टुला टर्जिडाची जगातली शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात परजीवीच्या संसर्गाने गेली, आणि ती जातच संपली.

२०१५ पासून लंडन, एडिनबरा, डेट्रॉइट, सेंट लुईस अशा ठिकाणी वाढवलेल्या पार्टुला परत बेटांवर सोडतायत, एकट्या २०२३ मध्ये पाच हजारांवर. सोडण्याआधी प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका लावतात, तो अतिनील टॉर्चच्या उजेडात चमकतो, त्यामुळे रात्री पानापानांत शोधता येतं. २०२४ मध्ये पार्टुला तोहिवेआनाच्या मोठ्या झालेल्या गोगलगायी सापडल्या आणि त्यांच्या शंखावर ठिपकाच नव्हता, म्हणजे त्या जंगलातच जन्मल्या होत्या.