रेस कंडिशन : कर्नेलचे प्रक्रिया-व्यवस्थापन

कर्नेलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या) एकाच नोंदीत दोन प्रक्रिया, म्हणजे चालू असलेले दोन प्रोग्राम, एकाच वेळी हात घालतात आणि शेवटी काय होणार हे आधी कोण पोचले यावर ठरते, अशा अवस्थेला रेस कंडिशन म्हणतात. प्रक्रिया-व्यवस्थापनात अशा सामायिक नोंदी पुष्कळ असतात : प्रक्रियेची अवस्था, तिचा पीआयडी (ओळखक्रमांक), पालक-अपत्य नाते, सिग्नलांची (तिला पाठवलेल्या सूचनांची) रांग. प्रोसेसर एकच असला तरी हा दोष उद्भवतो, कारण इंटरप्ट (चालू काम थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) कुठेही मध्ये येऊ शकतो. बहुकोर यंत्रांवर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे अनेक प्रोसेसर-कोर असलेल्या यंत्रांवर, तो अधिक वेळा डोके वर काढतो.

यातला सर्वांत शिकण्यासारखा प्रकार म्हणजे हरवलेली जाग. गिरणेच्या पाटावर रात्रीची पाळी असलेला शेतकरी चारीत डोकावतो, पाणी नसते, म्हणून खाटेकडे वळतो. तेवढ्यात पाणी येते. पाटकरी खाटेवर निजलेल्यांनाच हलवून ‘ऊठ भो, पानी उनं’ म्हणत पुढे जातो. हा अजून खाटेवर पोचलेलाच नसतो. मग तो येऊन निवांत झोपतो आणि पाळी निघून जाते. कर्नेलमध्येही प्रक्रिया आधी अट तपासते आणि नंतर स्वतःला ‘निद्रिस्त’ म्हणून नोंदवते. या दोहोंच्या मधल्या फटीत दुसऱ्या कोरने अट पूर्ण करून जाग दिली, तर ती वाया जाते आणि प्रक्रिया कायमची अडकते.

दुरुस्ती क्रम उलटवून होते. लिनक्समध्ये प्रक्रिया आधी आपली अवस्था निद्रिस्त करते, मग अट तपासते आणि त्यानंतरच शेड्यूलरकडे (पुढे कोणती प्रक्रिया चालवायची हे ठरवणाऱ्या भागाकडे) ताबा देते. मध्येच जाग आली तर अवस्था पुन्हा ‘चालू’ होते आणि शेड्यूलर तिला झोपवत नाही. अवस्थेची नोंद आणि अटीची तपासणी यांचा क्रम प्रोसेसरनेही बदलू नये म्हणून मध्ये मेमरी बॅरियर (क्रम पक्का ठेवणारी सूचना) लागतो. नवशिक्यांकडून नेमका हाच सुटतो. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शैक्षणिक प्रणालीत वाट वेगळी आहे : झोपणारी प्रक्रिया आधी स्वतःचे कुलूप (लॉक; एका वेळी एकालाच नोंदीला हात लावू देणारी सोय) घेते आणि मगच अटीचे कुलूप सोडते, त्यामुळे जागवणाऱ्याला मध्ये शिरायला फट उरत नाही.

दुसरा प्रकार पीआयडीच्या पुनर्वापराचा. लिनक्समध्ये पीआयडीची परंपरागत मर्यादा 32768 आहे. क्रमांक संपले की मोकळे झालेले पुन्हा वाटले जातात. त्यामुळे मेलेल्या प्रक्रियेसाठी पाठवलेला सिग्नल तोच क्रमांक मिळालेल्या भलत्याच प्रक्रियेला लागू शकतो. पालकाला ही भीती नसते, कारण त्याने ‘वेट’ करून अपत्याच्या शेवटाची नोंद घेईपर्यंत ते झोंबी रूपात, म्हणजे मेलेले पण नोंद शिल्लक असलेले, क्रमांक अडवून ठेवते. 64-बिट यंत्रांवर मर्यादा 4194304 पर्यंत नेता येते; त्याने धोका विरळ होतो, पण दोष तिथेच राहतो. खरा इलाज 2019 मध्ये आला : लिनक्सच्या 5.1 आवृत्तीत पीआयडीएफडीद्वारे (क्रमांकाऐवजी प्रक्रियेला धरणाऱ्या हँडलद्वारे) सिग्नल पाठवण्याची सोय झाली आणि 5.3 मध्ये चालू प्रक्रियेसाठी असे हँडल उघडता येऊ लागले. हँडल त्या विशिष्ट प्रक्रियेशीच बांधलेले राहते.

सगळ्याला एकच मोठे कुलूप लावणे हा जुना, सोपा उपाय. लिनक्सचे ‘बिग कर्नेल लॉक’ 1996 च्या 2.0 आवृत्तीपासून होते आणि 2011 मध्ये 2.6.39 ला पूर्ण हटले, कारण त्यापायी अनेक कोर एकमेकांची वाट पाहत बसत. आज बारीक कुलुपे, संदर्भगणना (एखादी नोंद किती जण वापरत आहेत याची मोजणी) आणि आरसीयू (वाचणाऱ्यांना कुलूप न घेता वाचू देणारी पद्धत) यांची सांगड घालतात. कुलुपे वाढली की ती घेण्याचा क्रमही सांभाळावा लागतो, नाहीतर शर्यत (रेस) मिटून डेडलॉक, म्हणजे एकमेकांच्या कुलुपाची कायमची वाट पाहणे, उभा राहतो.

दोष पकडणे दुरुस्तीहून कठीण. कोडमध्ये संदेश छापणारी (प्रिंटची) एक ओळ घातली तरी वेळ बदलतो आणि दोष लपतो. 2020 मध्ये लिनक्सच्या 5.8 आवृत्तीत आलेले केसीसॅन हे साधन असे एकाचवेळचे वाचन-लेखन हेरते. जळगाव, धुळे, शिरपूर किंवा फैजपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत एवढा सरंजाम नसला तरी साध्या संगणकावर क्यूईएमयूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक्सव्ही६ चालते. त्यात एकाहून अधिक कोर द्यावेत आणि झोपण्याचा क्रम मुद्दाम उलटवून अट तपासणे व झोपणे यांच्यामध्ये लांब विलंब घालावा. प्रक्रिया लवकरच अडकते. मूळ क्रम परत आणल्यावर तो विलंब तसाच ठेवून पुन्हा चालवावे. विलंब काढून घेतला तर दोष नुसता लपलेलाही असू शकतो, म्हणून तशी चाचणी इथे ग्राह्य धरत नाहीत.